एक टूल ३८७ धोके दाखवतं, दुसरं त्या टूललाच काढायला सांगतं: कोणाचं ऐकायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांच्या दुकानातल्या विंडोज १० च्या लॅपटॉपवर क्रोम उघडलं की गूगलऐवजी भलतंच शोधपान येतं. "हे कसं काढायचं" असं शोधल्यावर एका लेखात मोफत टूल सापडलं. त्याने ३८७ धोके दाखवले आणि ते काढायला पैसे मागितले. मग मालवेअरबाइट्स या कंपनीचं ॲडडब्ल्यूक्लीनर हे सफाई टूल चालवलं, तर त्याने ११ गोष्टी दाखवल्या आणि त्यांत ते पहिलं टूलच "पीयूपी" म्हणून आलं. पहिल्या टूलच्या साइटवर मात्र लिहिलंय की प्रतिस्पर्धी आमची बदनामी करतात. शिवाय अँटिव्हायरसबरोबर आलेला "सुरक्षित शोध" टूलबार ठेवावा की काढावा, हेही विचारलंय.

आधी सरळ उत्तर देतो. पैसे भरू नका. पहिलं टूल काढून टाका. टूलबारही काढा. शोधपानाचा त्रास बहुतेक करून हाताने, कोणतंही नवीन टूल न टाकता, अर्ध्या तासात जाईल. तुम्ही विचारलंय "कोणतं टूल खरं बोलतं", पण इथे सोडवायचा प्रश्न वेगळा आहे: टूलने केलेला दावा आपल्याला तपासता येतो का? हे जमलं की नावांच्या भांडणात पडायची गरज उरत नाही.

पीयूपी म्हणजे "कदाचित नको असलेला प्रोग्रॅम". यातला "कदाचित" महत्त्वाचा. व्हायरस, पासवर्ड चोरणारा ट्रोजन, फायली कुलूपबंद करणारं रॅन्समवेअर यांबद्दल कंपन्यांमध्ये फारसा वाद होत नाही. वाद होतो तो या मधल्या पट्ट्यात: तुम्ही घाईत "नेक्स्ट, नेक्स्ट" दाबताना संमती घेऊन आलेले टूलबार, घाबरवून पैसे मागणारे क्लीनर, शोधपान बदलणारी एक्स्टेन्शन. कायद्याच्या भाषेत तुम्ही संमती दिलेली असते, व्यवहारात तुम्हाला ते नको असतं. रेषा कुठे ओढायची हे प्रत्येक कंपनी स्वतःच्या निकषांवर ठरवते.

हा वाद कोर्टातही गेलेला आहे. स्पायहंटर बनवणाऱ्या एनिग्मा सॉफ्टवेअरने २०१६ मध्ये अमेरिकेत मालवेअरबाइट्सवर दावा लावला, कारण मालवेअरबाइट्स त्यांच्या प्रोग्रॅमला पीयूपी ठरवून अडवू लागलं होतं. २०१९ मध्ये तिथल्या नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने म्हटलं की नको असलेला मजकूर अडवणाऱ्या सॉफ्टवेअरला कायद्याचं संरक्षण आहे, पण प्रतिस्पर्ध्याला मारायच्या हेतूने अडवलं असेल तर ते संरक्षण लागू नाही. २०२३ मध्ये त्याच कोर्टाने आणखी एक फरक केला: "पीयूपी" हे मत आहे, त्यावर दावा चालत नाही, पण एखाद्या प्रोग्रॅमला "दुष्ट" किंवा "धोका" म्हणणं हे तथ्याचं विधान आहे, ते खरं की खोटं तपासता येतं. खरं कोण, हे या निकालांनी ठरवलेलं नाही; दावा पुढे चालू शकतो का, एवढाच प्रश्न होता. आपल्या कामाचा भाग शब्दांतल्या फरकाचा आहे. टूलने "ट्रोजन" म्हटलं तर पुरावा मागायचा. "पीयूपी" म्हटलं तर ती शिफारस समजायची आणि निर्णय आपण घ्यायचा. तेव्हा "प्रतिस्पर्धी बदनामी करतात" हे विधान नेहमीच खोटं असतं असं मी म्हणणार नाही. मात्र त्याने तुमच्या लॅपटॉपवरचे ३८७ धोके सिद्ध होत नाहीत.

आता त्या आकड्याकडे या. यादी उघडून प्रत्येक नोंदीचा प्रकार बघा. बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त नोंदी कुकीजच्या असतात. कुकी ही साइटने ठेवलेली छोटी मजकुराची फाइल, ती चालत नाही, काही बिघडवत नाही. त्यानंतर येतात टेम्प म्हणजे तात्पुरत्या फायली, मग काढलेल्या प्रोग्रॅमच्या रजिस्ट्रीत (विंडोज आपली सेटिंग्ज साठवतं त्या जागी) राहिलेल्या रिकाम्या नोंदी. या शेवटच्या साफ केल्याने लॅपटॉपचा वेग वाढत नाही, उलट चुकीची नोंद उडाली तर एखादा चालू प्रोग्रॅम बंद पडतो. रजिस्ट्री क्लीनर वापरण्याला मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा पाठिंबा नाही. प्रामाणिक टूलमध्येही आकडा फुगतो, हे लक्षात ठेवा: एकाच टूलबारचं फोल्डर, त्यातली प्रत्येक फाइल आणि रजिस्ट्रीतली प्रत्येक नोंद वेगळी मोजली की एकाचे चाळीस होतात. म्हणून संख्या सोडा, किती वेगवेगळी नावं आहेत ते मोजा. तुमच्या ११ नोंदींत बहुधा दोन किंवा तीनच नावं निघतील.

मोफत आवृत्तीने घाबरवणारा संदेश दाखवून पैसे मागायचे, या पद्धतीला मायक्रोसॉफ्टने १ मार्च २०१८ पासून स्वतःच्या निकषांत "नको असलेलं सॉफ्टवेअर" ठरवलं आहे. म्हणजे इथे एकट्या प्रतिस्पर्ध्याच्या शब्दावर अवलंबून राहावं लागत नाही, या दोघांच्या भांडणात नसलेला तिसरा पक्षही तेच सांगतो.

कोणतंही सफाई टूल हातात आलं की मी चार गोष्टी बघतो. एक, सापडलेल्या प्रत्येक वस्तूचा पूर्ण पत्ता दाखवतं का: कोणत्या ड्राइव्हवर, कोणत्या फोल्डरमध्ये, रजिस्ट्रीत कुठे. "१४ गंभीर धोके" एवढंच सांगून पत्ता लपवणारं टूल मी तिथेच बंद करतो. दुसरं, काढलेली वस्तू क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळ्या कोंडलेल्या जागेत, ठेवतं का, म्हणजे चूक झाली तर परत आणता येईल. तिसरं, लॉग, म्हणजे काय काय केलं याची नोंद, लिहितं का. चौथं, कंपनीचं पोट कशावर भरतं. मोफत टूलमागे सशुल्क संरक्षण विकणारी कंपनी असेल तर हिशोब समजतो. कुठलाच धंदा दिसत नसेल तर तुमची माहिती किंवा शोधपानावरच्या जाहिराती हाच धंदा असण्याची शक्यता मोठी. स्कॅन मोफत आणि सफाई सशुल्क, हे एकट्याने टूलला खोटं ठरवत नाही. हिटमनप्रो या स्कॅनरमध्येही सफाईसाठी फक्त ३० दिवसांची चाचणी मुदत मिळते. पण ते पत्ते दाखवतं, त्यामुळे तुम्ही त्या वस्तू स्वतः बघू शकता.

आणि टूल कुठून उतरवलं हे टूल कोणतं यापेक्षा कमी महत्त्वाचं नाही. "अमुक व्हायरस काढा" अशा शीर्षकाचे शेकडो लेख एकाच साच्यातून निघतात: नाव बदलायचं, खालचं बटण तेच. त्या बटणामागे कमिशन असतं. ॲडडब्ल्यूक्लीनरच्या नावानेही पैसे मागणारी नकली आवृत्ती फिरली होती. खरं ॲडडब्ल्यूक्लीनर सफाईचे पैसे मागत नाही. शोधाच्या वर येणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका, कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करा. फाइल उतरवल्यावर तिच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स असं जाऊन सही कोणाची आहे ते बघा. तो टॅबच नसेल तर फाइल चालवू नका.

सही म्हणजे पूर्ण हमी मात्र नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सीक्लीनर या सफाई टूलची ५.३३ ही आवृत्ती कंपनीच्याच सर्व्हरवरून, कंपनीच्याच खऱ्या सहीसह, आत मालवेअर (नुकसान करणारं सॉफ्टवेअर) घेऊन बाहेर पडली. जवळपास महिनाभर कोणाच्या लक्षात आलं नाही आणि सुमारे २२.७ लाख संगणकांवर ती बसली. म्हणून एका टूलच्या निर्णयावर दुसऱ्या, वेगळ्या कंपनीच्या टूलची खात्री घ्यायची सवय ठेवावी. शंका असलेली फाइल व्हायरसटोटल या साइटवर टाकली तर सत्तरेक इंजिनांचं मत एकदम मिळतं. निकाल वाचताना हे बघा: एकदोन अनोळखी इंजिनांनीच लाल दाखवलं आणि नावात "जेनेरिक" किंवा "ह्युरिस्टिक" (म्हणजे नेमकी ओळख नाही, अंदाज) असेल, तर ती चुकीची शंका असू शकते. दहापंधरा इंजिनं, त्यांत मोठी नावं, आणि वर्णनात "बंडलर" (सोबत दुसरं सॉफ्टवेअर घुसवणारं), "पीयूए" (पीयूपीचंच दुसरं नाव), "ॲडवेअर" असे शब्द असतील तर फाइल काढून टाका. याउलट, कालच बनलेल्या फाइलला सगळीकडे हिरवा शेरा असेल तर त्याचा अर्थ एवढाच की अजून कोणी ती पाहिलेली नाही. दुकानाची बिलं, बँक स्टेटमेंटं तिथे कधीही टाकू नका. तिथे चढवलेल्या फायली पैसे भरणाऱ्या सदस्यांना उघडता येतात.

टूलबारकडे वळतो. आपल्याकडे टूलबार घरोघरी पोचला तो बऱ्याचदा जावा या सॉफ्टवेअरमुळे. ई-टेंडर भरायला, डिजिटल सही करायला जावा लागायचंच, आणि जावाच्या इन्स्टॉलरमध्ये आस्क टूलबारची खूण आधीच केलेली असायची. ती काढायचं राहिलं की टूलबार बसायचा, तोही इन्स्टॉलेशन संपल्यावर दहा मिनिटं थांबून, त्यामुळे लगेच प्रोग्रॅमची यादी तपासणाऱ्यालाही तो दिसायचा नाही. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आस्कच्या जुन्या आवृत्त्यांना नको असलेलं सॉफ्टवेअर ठरवलं. तो जमाना सरला, पण पद्धत राहिली. आता टूलबारची जागा एक्स्टेन्शनने घेतली आहे, आणि ती येते मोफत पीडीएफ जोडणारं, व्हिडिओ उतरवणारं, मराठी फॉन्ट बदलणारं सॉफ्टवेअर कुठल्यातरी डाउनलोड साइटवरून घेताना.

"पण माझा टूलबार तर अँटिव्हायरस कंपनीचा आहे," असं तुम्ही म्हणता. "सुरक्षित शोध" दाखवायचा तर एक्स्टेन्शनला तुम्ही उघडलेलं प्रत्येक पान कळावं लागतं. त्याशिवाय ते हिरवा-लाल शेरा देऊच शकत नाही. म्हणजे संरक्षण आणि पाळत या दोन्हींसाठी लागणारी परवानगी एकच आहे. वेब ऑफ ट्रस्ट हे साइटचा भरवसा सांगणारं एक्स्टेन्शन होतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मन वाहिनी एनडीआरने दाखवून दिलं की त्यातून गोळा झालेला ब्राउझिंगचा इतिहास विकला जात होता आणि त्यातून माणसं ओळखता येत होती. अवास्तच्या एक्स्टेन्शन आणि अँटिव्हायरसमधून गोळा झालेली माहिती त्यांची जम्पशॉट ही उपकंपनी विकत होती. जानेवारी २०२० मध्ये ते उघड झाल्यावर जम्पशॉट बंद केली गेली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १.६५ कोटी डॉलर भरायला लावले. आणखी एक धोका मालकी बदलण्याचा. द ग्रेट सस्पेंडर हे क्रोममधलं चांगलं, लोकप्रिय एक्स्टेन्शन २०२० मध्ये नव्या मालकाकडे गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते मालवेअर म्हणून काढलं. वापरणाऱ्यांनी काहीही नवीन टाकलं नव्हतं. फसव्या साइटींची सूचना क्रोम आणि एज स्वतःच देतात. त्यामुळे त्या टूलबारमधून मिळणारी भर थोडी आणि द्यावी लागणारी परवानगी फार मोठी. माझं मत: काढा. अँटिव्हायरस राहू द्या, टूलबार जाऊ द्या.

आता प्रत्यक्ष काम. क्रम महत्त्वाचा आहे, तो मोडला की काढलेलं परत येतं.

क्रोममध्ये गूगल खात्याने साइन इन केलेलं असेल तर आधी सिंक, म्हणजे क्रोमची सेटिंग्ज गूगल खात्यात साठवणारी सोय, बंद करा. वाईट एक्स्टेन्शन आणि बदललेलं शोधपान सिंकमध्ये साठलेलं असतं. लॅपटॉपवर काढलं तरी दहा मिनिटांत गूगलच्या सर्व्हरवरून परत उतरतं. "कितीही वेळा काढलं तरी येतं" अशा तक्रारींत हे कारण मी सगळ्यांत आधी तपासतो.

मग सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स (विंडोज १० मध्ये ॲप्स अँड फीचर्स) इथे जा आणि यादी तारखेनुसार लावा. त्रास सुरू झाला त्या दिवशी काय काय बसलं ते एकत्र दिसतं. पहिलं टूल, टूलबार आणि अनोळखी नावं इथूनच अनइन्स्टॉल करा. काढताना "थांबा, तुमचा संगणक असुरक्षित होईल" अशी खिडकी येते, तिथे बटणं मुद्दाम उलटी रंगवलेली असतात. वाचून दाबा.

त्यानंतर क्रोमची एक्स्टेन्शनची यादी. ओळखीचं नसलेलं प्रत्येक काढा. काढायचं बटणच नसेल, किंवा तीन ठिपक्यांच्या मेनूत तळाशी "तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित" अशा अर्थाची ओळ असेल, तर कोणीतरी पॉलिसी (वापरणाऱ्याला बदलता न येणारा नियम) लावून ते जखडलं आहे. घरच्या किंवा दुकानाच्या लॅपटॉपवर अशी ओळ सहसा नसावी. काही अँटिव्हायरस मात्र ती लावतात, म्हणून आधी क्रोमच्या पॉलिसीच्या पानावर काय लिहिलंय ते वाचा. "एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट" अशी नोंद दिसली तर ती रजिस्ट्रीत एचकेईवाय लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम या वाटेवर आणि तशाच वाटेने करंट यूजरखाली असते. त्या क्रोम फोल्डरवर राइट क्लिक करून एक्स्पोर्टने प्रत ठेवा, मगच ती नोंद काढा.

डेस्कटॉपवरचा क्रोमचा शॉर्टकट आणि टास्कबारवरचा, दोन्ही बघा. प्रॉपर्टीजमध्ये "टार्गेट"ची ओळ क्रोमच्या ईएक्सई फाइलच्या नावावर आणि अवतरणचिन्हावर संपली पाहिजे. तिच्यापुढे एखाद्या साइटचा पत्ता चिकटलेला असेल तर तेवढा पुसा. त्यानंतर टास्क शेड्यूलर (ठरलेल्या वेळी कामं चालवणारा विंडोजचा भाग) उघडून लायब्ररीतली कामं बघा. लॉगिन होताच किंवा दर तासाला ॲपडेटा फोल्डरमधली अनोळखी फाइल चालवणारं काम दिसलं तर ते आधी डिसेबल करा. परत येण्याचं हे दुसरं मोठं कारण. प्रॉक्सीच्या सेटिंगमध्ये "यूज अ प्रॉक्सी सर्व्हर" बंद आहे ना, तेही तपासा.

कोपऱ्यात "तुमचा अँटिव्हायरस संपला" असे निरोप येत असतील तर तो व्हायरस नसतो. एखाद्या साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिली गेलेली असते. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडा आणि परवानगी मिळालेल्या अनोळखी साइट काढा. कोणतंही टूल न चालवता दोन मिनिटांत निरोप थांबतात.

हे सगळं झाल्यावर क्रोमची सेटिंग्ज रीसेट करा. बुकमार्क, इतिहास आणि साठवलेले पासवर्ड राहतात. एक्स्टेन्शन बंद होतात आणि कुकीज जातात, म्हणून साइटींवर पुन्हा लॉगिन करावं लागेल. दुकानाच्या पोर्टलांचे पासवर्ड आधी हाताशी ठेवा.

टूल आता, शेवटी. ॲडडब्ल्यूक्लीनर पुन्हा चालवा. ते बसवावं लागत नाही. "प्रीइन्स्टॉल्ड सॉफ्टवेअर" हा भाग त्यात वेगळा दाखवतात, तो लॅपटॉप कंपनीने दिलेल्या प्रोग्रॅमचा असतो. त्यावर सरसकट खूण करू नका, नाहीतर फंक्शन की किंवा टचपॅडचं एखादं सोयीचं सॉफ्टवेअर जाईल. सफाईच्या आधी टॅली आणि इतर फायली सेव्ह करून बंद करा, कारण ते चालू प्रोग्रॅम बंद करतं. मग दुसरं मत म्हणून मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर किंवा ईसेटचा ऑनलाइन स्कॅनर. सेफ्टी स्कॅनरची फाइल उतरवल्यापासून १० दिवसच चालते, म्हणून जुनी प्रत पेनड्राइव्हवर साठवून उपयोग नाही. तो चालू असताना "बाधित फायली ९" असं दाखवतो आणि शेवटी "काही सापडलं नाही" म्हणतो, तेव्हा लोक घाबरतात. मधला आकडा प्राथमिक असतो, शेवटचा निकाल धरायचा. ईसेट सुरुवातीला विचारतं की नको असलेले प्रोग्रॅमही शोधायचे का. तिथे होकार द्या, नाहीतर टूलबार त्याला दिसणारच नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्रावरही भारतीय कंपन्यांची मोफत टूल आहेत आणि ती जागा विश्वासाची आहे, पण त्यांचा रोख बॉट (संगणकाला दूरवरून राबवणारं सॉफ्टवेअर) आणि मालवेअरवर आहे. शोधपानाच्या त्रासासाठी त्यांची फार वाट पाहू नका.

एकाच वेळी दोन सतत चालणारे अँटिव्हायरस ठेवू नका. ते एकमेकांच्या फायली अडवतात आणि लॅपटॉप रांगतो. एक कायमचा, बाकी सगळे बोलावल्यावर येणारे. विंडोज सिक्युरिटीत ॲप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये "पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग" हा पर्याय असतो, तो दोन्ही खुणांसह चालू करा.

इथून पुढचं परिस्थितीवर अवलंबून आहे. सेफ्टी स्कॅनर किंवा ईसेटमध्ये ट्रोजन, पासवर्ड चोरणारं काही, किंवा दूरवरून ताबा घेणारं काही निघालं तर वरची सफाई पुरेशी नाही. मी अशा वेळी डेटा बाहेर काढून विंडोज नव्याने टाकतो, आणि नेट बँकिंग, जीएसटी, ईमेल यांचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदलतो. त्याच लॅपटॉपवरून बदलले तर नवे पासवर्डही जातात. डिजिटल सहीचं डीएससी टोकन तोवर लावून ठेवू नका. पहिल्या टूलच्या नावाने फोन आला असेल आणि कोणी एनीडेस्कसारख्या ॲपने स्क्रीन पाहिली असेल, तर इंटरनेट तोडा, बँकेला कळवा, आणि पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा. तासांचा फरक पडतो.

आणि वडिलांनी पैसे भरून टाकले असतील तर रागावू नका, त्या खिडक्या घाबरवण्यासाठीच बनवलेल्या असतात. कार्डावर वार्षिक नूतनीकरणाचं ई-मँडेट (आपोआप वसुलीची परवानगी) बसलंय का ते बँकेच्या ॲपमध्ये बघा आणि रद्द करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अशा वसुलीआधी किमान २४ तास बँकेकडून सूचना येते, ती दुर्लक्षू नका. परदेशी व्यवहारांची गरज नसेल तर कार्डावर तो पर्याय बंद ठेवा.

दोनदा रीस्टार्ट करून, एक दिवस वापरून बघा. मगच सिंक पुन्हा चालू करा, आणि आधी गूगलच्या सिंकच्या पानावरून साठलेला जुना डेटा पुसा. पण त्यापूर्वी बुकमार्क लॅपटॉपवर आहेत याची खात्री करा. शोधपान तरीही परतलं, तर त्याचा पत्ता, ॲडडब्ल्यूक्लीनरच्या लॉगमधल्या नोंदी (सी ड्राइव्हवर त्याच्याच नावाच्या फोल्डरमध्ये असतात) आणि टास्क शेड्यूलरमधली अनोळखी नावं लिहून पाठवा. लॉगमधलं वापरकर्त्याचं नाव आधी खोडा.